बिब्बा, टीपकागद आणि माणसाची कातडी

कोणाच्या सरळ चाललेल्या कामात कोणी मुद्दाम विघ्न आणले, की आपण 'त्याने बिब्बा घातला' असे म्हणतो. हा वाक्प्रचार तोंडात इतका रुळला आहे, की बिब्ब्याने नेमके काय बिघडते हे विचारण्याचे कोणास सुचत नाही. आमच्या शिवाजी पेठेत शनिवारी सकाळी फिरून पाहावे. दुकानाच्या चौकटीस लिंबू आणि मिरच्यांबरोबर दोऱ्यात ओवलेला एक काळा, चपटा, बदामासारखा जिन्नस दिसतो. तो बिब्बा. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात जी गोडंबी घालतात ती ह्याच बिब्ब्याच्या आतली. परटाने कपड्याच्या आतल्या बाजूस काढलेली, कितीही धुतली तरी न जाणारी काळी खूण, तीही ह्याचीच. म्हणजे जो दृष्ट काढतो, पोषण करतो आणि कपडा हरवू देत नाही, तोच आपल्या भाषेत विघ्नाचे नाव होऊन बसला. ह्याचे कारण त्याच्या टरफलात आहे. गोडंबी आणि बाहेरची साल ह्यांच्यामध्ये मधासारखा दाट, तपकिरी रस असतो. तो कातडीस लागला तर काहींचे अंग सुजते, फोड येतात, पाणी सुटते. ह्याला आपण 'बिब्बा उतला' असे म्हणतो. 'काहींचे' हा शब्द लक्षात असू द्यावा. आजच्या विषयाचा सारा गाभा त्या एका शब्दात आहे.

विषय असा की एखादा पदार्थ माणसाच्या कातडीला बाधतो की नाही, हे माणसाने कसकसे तपासत आणले आणि ही तपासणी कोणाच्या कातडीवर केली. प्रश्न साबण, कलप आणि अत्तरे ह्यांच्या कारखानदारांचा वाटतो, आणि आज तो बराचसा त्यांचाच आहे. पण त्याचा इतिहास पाहू गेले तर वाटेत पुन:पुन्हा आपल्याच अंगणातील झाडे भेटतात. म्हणून आम्ही मुद्दाम बिब्ब्यापासून आरंभ केला.

वनस्पतिशास्त्रज्ञ बिब्ब्यास सेमेकार्पस अ‍ॅनाकार्डियम म्हणतात. हे नाव धाकट्या लिनियसने दिले. ग्रीक भाषेत 'सेमेइऑन' म्हणजे खूण आणि 'कार्पोस' म्हणजे फळ, तेव्हा परटाचा उद्योग थेट लॅटिन नावात जाऊन बसला आहे. ह्याच कुळात आंबा, काजू आणि चारोळी येतात. ह्या कुळाचा चीक एकूण तापटच. चैत्र-वैशाखात पाडाचा आंबा देठाशी नीट न पिळता तोंडास लावला, की पोरांच्या ओठांच्या कडेला फोड येतात, ते ह्या कुळाचेच देणे. परीट बिब्ब्याला सुई टोचून तिच्या टोकावर आलेल्या रसाने कापडावर खूण करी आणि वर चुन्याचे पाणी लावी. हवेतील प्राणवायूने रस काळा पडतो आणि चुन्याने तो धाग्यास पक्का धरतो. रंकाळ्याच्या काठी धुण्याच्या चावीवर कपडे आपटले जात, तेव्हा कोणाचे धोतर कोणाचे हे ह्या दोन-तीन ठिपक्यांवरून कळे. आता बहुतेक ठिकाणी न पुसणाऱ्या शाईचे पेन आले आहेत.

बिब्ब्याचा तापटपणा आपल्या वैद्यांस फार पूर्वीपासून ठाऊक होता. चरकसंहितेच्या रसायनप्रकरणात भल्लातकाचे प्रयोग आहेत, आणि ते वाचताना औषध देणारा किती जपून पावले टाकतो हे पाहण्यासारखे आहे. फळे उन्हाळ्याच्या अखेरीस गोळा करावयाची, जव किंवा उडीद ह्यांच्या राशीत चार महिने पुरून ठेवावयाची आणि वापर थंडीत सुरू करावयाचा. काढा पिण्यापूर्वी तोंडास आतून तूप लावावयाचे. दहा बियांपासून आरंभ करून रोज एक वाढवीत तीसपर्यंत जावयाचे आणि तसेच उतरावयाचे. पुढील काळात बिब्बे विटेच्या चुरीत घालून घासण्याची, म्हणजे विटेकडून तेल शोषून घेण्याची रीत पडली, आणि हे काम करणाऱ्याने हातांस खोबरेल चोळून घ्यावे असा दंडक झाला. चरकाने भल्लातकास अग्नीची उपमा दिली आहे, आणि विधिपूर्वक वापरल्यास तोच अमृतासारखा होतो असेही म्हटले आहे. (हे ऐकून कोणी घरी प्रयोग करू नये. बिब्बा लावून घेऊन दवाखान्यात जाणारी माणसे आजही आहेत.) आमच्या मते ह्या साऱ्यात महत्त्वाची गोष्ट तूप किंवा वीट नव्हे. 'पदार्थ तीक्ष्ण आहे काय?' एवढे विचारून वैद्य थांबत नाही. 'तो कोणास द्यावयाचा, कोणत्या ऋतूत, किती?' असेही तो विचारतो. युरोपातील शास्त्रास हा दुसरा प्रश्न विचारण्यास बराच काळ लागला.

आमच्या लहानपणी आळीतील बायका टाचेच्या भेगांत बिब्ब्याचे तेल भरत. एका घरात दोघी जावा. एकीला वर्षानुवर्षे काही झाले नाही. दुसरीने एकदाच लावले, आणि दुसऱ्या दिवशी पाय घोट्यापर्यंत सुजून गुडघ्याशी फोड उठले. 'तिला उतत नाही, हिला उततो' एवढ्यावर घरातील वैद्यकशास्त्र संपले. पुन्हा म्हणून त्या दुसरीच्या हाताखाली बिब्बा आला नाही. हा निर्णय अगदी बरोबर होता, फक्त त्याची किंमत एका पायाने दिली होती. चाचणी म्हणजे तरी काय? हीच किंमत आधी आणि शक्य तेवढी थोडी देऊन टाकणे.

आता काजूकडे वळू. काजू आपला नव्हे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो ब्राझीलहून आणला आणि गोव्यातून तो कोकणात व घाटावर पसरला. आमच्या जिल्ह्यातील आजरा आणि चंदगड हे तालुके आज काजूचे म्हणून ओळखले जातात. काजूच्या टरफलातही बिब्ब्यासारखेच तेल असते. बिया उकडून किंवा वाफवून, यंत्राच्या पात्याखाली एकेक फोडून गर काढावा लागतो आणि हे काम मुख्यत: बायका करतात. तेलाने बोटांची कातडी सोलवटते, काळी पडते. म्हणून त्या हातांस तेल किंवा राख चोळून बसतात, हातमोजे असले तर घालतात. पण मोज्याने बोटांचा चपळपणा जातो आणि मजुरी किलोवर मिळत असेल तर मोजा बाजूस राहतो.

ह्याच काजूच्या तेलाने आमच्या इतिहासातील पहिले नोंदलेले पान लिहिले. १८४७ साली गेओर्ग श्टेडेलर ह्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने काजूच्या टरफलातून कार्डोल आणि अ‍ॅनाकार्डिक आम्ल ही दोन द्रव्ये वेगळी केली. त्यातील कातडी जाळणारे कोणते हे त्यास ठरवायचे होते. त्याने छातीच्या खालच्या भागी नखाएवढ्या जागेवर द्रव्य लावले आणि त्यातच भिजवलेला टीपकागदाचा तुकडा वर ठेवला. पाव तासाने आग होऊ लागली, मग ती वाढत गेली. कागदाखालची कातडी पांढरी पडली, भोवती लाल कडे उमटले आणि पुढे फोड आले. दोषी कार्डोल ठरले. हा प्रयोग साधा दिसतो, पण त्यात पुढील पावणेदोनशे वर्षांची सारी हत्यारे आहेत. जागा लहान व ठरलेली, द्रव्य मोजके, वर झाकण, आणि हातात घड्याळ. आज इस्पितळात पाठीवर ज्या पट्ट्या चिकटवतात त्यांची आजी म्हणजे हा टीपकागद. तो ज्या बीच्या तेलात भिजला होता ती बी आज चंदगडच्या बाजारात पोत्यांनी पडलेली असते, ह्याची आम्हांस तरी गंमत वाटते.

श्टेडेलरचा प्रश्न द्रव्याविषयी होता. माणसाविषयीचा प्रश्न विचारला योझेफ यादासोन ह्याने. १८९५ साली ऑस्ट्रियातील ग्राझ येथे जर्मन त्वचारोगतज्ज्ञांची परिषद भरली होती. त्या काळी पाऱ्याची मलमे सर्रास वापरीत आणि काही रोग्यांच्या अंगावर त्या मलमानेच इसब उठे. बाकीच्यांस काही होत नसे. यादासोनने अशा रोग्यांच्या धड कातडीवर पाऱ्याच्या मलमाची लहानशी पट्टी लावून ठेवली. चोवीस तासांनी पट्टीखाली, आणि फक्त पट्टीखाली, इसब उमटले होते. ज्यांना पारा मानवत होता त्यांच्या कातडीवर त्याच पट्टीने काही झाले नाही. दोष मलमात नव्हता, मलम आणि तो विशिष्ट माणूस ह्यांच्या गाठीत होता. आमच्या आळीतील दोघी जावांची गोष्ट त्याने परिषदेपुढे पुराव्यानिशी मांडली म्हणा ना.

पुढे १९०६ मध्ये व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के ह्याने 'अ‍ॅलर्जी' हा शब्द घडवला आणि गोष्टी हळूहळू वेगळ्या झाल्या. तेजाब कोणाच्याही हातावर पडले तर भाजते. त्यात माणसामाणसांत फरक असला तर तो कमीअधिकाचा. ह्याला चुरचुर, दाह, जळणे असे काहीही म्हणा. दुसरा प्रकार असा की पहिल्या भेटीत काहीच होत नाही, पण शरीर त्या द्रव्याची ओळख मनात धरून ठेवते आणि पुढच्या भेटीत, द्रव्य सुईच्या टोकाएवढे असले तरी, दिवसा-दोन दिवसांनी सूड उगवते. आमच्या कोल्हापुरात एक तिसराही प्रकार आहे, तो म्हणजे नव्या चपलेचे चावणे. पण ते नुसते घर्षण. बाभळीची साल आणि हिरडा ह्यांत कमावलेले कातडे चावले तर चार दिवसांनी मऊ होऊन सलोखा करते. क्रोमियमच्या क्षारात कमावलेले कातडे ज्याला बाधते, त्याला मात्र ते मऊ झाल्यानेही बाधतच राहते. म्हणून पट्टीच्या चाचणीच्या आजच्या संचात पोटॅशियम डायक्रोमेटची पट्टी ठरलेली असते. बिब्ब्याची अडचण ही की तो दोन्ही वेश घेतो. रस भरपूर लागला तर कोणासही जाळतो आणि ज्याच्या शरीराने एकदा खूणगाठ बांधली त्यास वासाएवढ्या अंशानेही उततो.

हा बिब्बा जगाच्या वैद्यकात खऱ्या अर्थाने गाजला तो दुसऱ्या महायुद्धात. आसामात मार्गेरिटा येथे अमेरिकन सैन्याचे विसावे जनरल हॉस्पिटल होते. त्याचे डॉक्टर फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हानिया विद्यापीठाकडून आलेले. लिव्हिंगूड, रॉजर्स आणि फिट्झ-ह्यू ह्या तिघांनी १९४३ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या पत्रिकेत एक लेख लिहिला. त्याचा विषय होता 'धोबी मार्क' त्वचादाह. सैनिकांच्या मानेच्या मागे, कमरेशी, नेमक्या ठिकाणी लहानसा, लालभडक, फोडांनी भरलेला चट्टा उठे. चट्टा आणि सदऱ्याच्या गळपट्टीवरील, विजारीच्या पट्ट्यावरील परटाची खूण ही एकावर एक बसत. खूण बिब्ब्याची होती. बिब्ब्याच्या रसाच्या पट्ट्या लावून पाहिल्यावर संशय उरला नाही.

ह्यात एक मौज आहे. इंग्रजांच्या छावण्यांत ह्याच्या कितीतरी आधीपासून 'धोबी इच' हा शब्द रूढ होता. जांघेत खाज उठली की साहेब म्हणे, परटाने कपड्यातून रोग आणला. ती खाज बहुधा नायट्याची, म्हणजे बुरशीची असे. घाम, उष्णता आणि घट्ट कपडे एवढे तिला पुरे होते. परीट बिचारा फुकट बदनाम झाला. आणि जेव्हा खरोखरच त्याची खूण दोषी निघाली, तेव्हा तो स्वत: त्यात कोठे चुकला होता? त्याच्या हातांखालून पिढ्यान्‌पिढ्या बिब्बा जात होता आणि गिऱ्हाईक तक्रार करीत नव्हते, किंवा करीत असले तर ती कोणी लिहून ठेवीत नव्हते.

आम्हांस ह्या प्रसंगाकडे दुसऱ्याच नजरेने पाहावेसे वाटते. मोजकेच द्रव्य, ठरलेली लहान जागा, कापडाचे झाकण, घामाचा ओलावा आणि तासन्‌तास स्पर्श. परटाची खूण म्हणजे हुबेहूब यादासोनची पट्टी! कोणी न ठरवता, कोणाची परवानगी न घेता, एका सैन्याच्या मानेवर लावली गेलेली. डॉक्टरांनी हुशारी दाखवली ती चट्ट्याचा आकार वाचण्यात. त्वचारोगाच्या शास्त्रात अर्धी तपासणी ही अशी नकाशा वाचण्याचीच असते. घड्याळाच्या बकलाखाली, टिकलीच्या जागी, चष्म्याच्या काडीपाशी, चपलेच्या अंगठ्याभोवती काय उमटले आहे ते पाहावयाचे आणि तेथे काय बसत होते ते विचारावयाचे.

बिब्ब्याच्या रसाचे रसायन ह्याआधीच हाती येऊ लागले होते. पिल्ले आणि सलीमुझ्झमान सिद्दीकी ह्यांनी १९३१ मध्ये त्याचे परीक्षण प्रसिद्ध केले. त्यातील मुख्य द्रव्यास भिलावानॉल म्हणतात. हिंदीतील 'भिलावा' ह्या शब्दाला रसायनाची शेपटी जोडलेली. पुढे कळले की जपानमध्ये लाखेचा रंग देणाऱ्या झाडात माजिमा ह्यांनी शोधलेले उरुशिओल आणि हे भिलावानॉल सख्खे भाऊ आहेत. दोहोंतही एका कडीला पंधरा कार्बनांची लांब शेपटी. अमेरिकेत पॉयझन आयव्ही नावाची वेल रानोमाळ वाढते, तिच्या पानांतही हेच घराणे. त्यामुळे ज्या पोरास मायदेशी त्या वेलीने एकदा चिडवले असेल, त्याची कातडी आसामात पाऊल टाकण्यापूर्वीच बिब्ब्याची ओळख सांगत होती.

येथून गोष्ट अंधाऱ्या गल्लीत शिरते. त्याच फिलाडेल्फियात, त्याच पेनसिल्व्हानिया विद्यापीठात आल्बर्ट क्लिग्मन नावाचे त्वचारोगाचे अध्यापक होते. पॉयझन आयव्हीवर त्यांनी केलेले काम आजही संदर्भास घेतात. हे काम आणि अशा कितीतरी द्रव्यांच्या पट्ट्या त्यांनी होम्सबर्ग तुरुंगातील कैद्यांच्या पाठींवर लावल्या. हे १९५१ पासून १९७४ पर्यंत चालले. सौंदर्यप्रसाधने, औषधे, एका कंपनीसाठी डायॉक्सिनसारखे भयंकर विषसुद्धा. कैद्यांस थोडे पैसे मिळत, आणि तुरुंगात पैसे मिळवण्याचा दुसरा मार्ग फारसा नव्हता. कैद्यांत कृष्णवर्णीय पुष्कळ. १९४७ सालीच न्यूरेंबर्गच्या न्यायालयाने नाझी डॉक्टरांचा निवाडा करताना, माणसावर प्रयोग करावयाचा तर त्याची समजून-उमजून दिलेली संमती हवी, असे लिहून ठेवले होते. ते लिहिणारे न्यायाधीश अमेरिकनच होते. ॲलन हॉर्नब्लम ह्यांचे पुस्तक १९९८ मध्ये निघाले आणि ही हकीकत जगापुढे आली. फिलाडेल्फिया शहराने अधिकृत क्षमा मागितली ती २०२२ मध्ये. तोवर त्या पाठींपैकी कित्येक मातीआड गेल्या होत्या.

माणसाऐवजी ससा, हा दुसरा मार्ग. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत पापण्या काळ्या करण्याचे एक रंगद्रव्य विकले जाई. त्याने बायकांचे डोळे गेले. त्यात पॅराफेनिलिनडायअमाइन होते, आजच्या केसांच्या कलपात असते तेच. अशा प्रकरणांनंतर १९३८ चा अन्न, औषध व प्रसाधन कायदा झाला, आणि कायदा झाला म्हणजे मोजमाप हवे. ते दिले सरकारी शास्त्रज्ञ जॉन ड्रेझ ह्यांनी. वुडार्ड आणि कॅल्व्हरी ह्या सहकाऱ्यांसह त्यांनी १९४४ साली रीत छापली. पांढऱ्या सशाच्या पाठीवरचे केस भादरावयाचे, एका जागी कातडी अखंड ठेवावयाची, एका जागी ओरखडावयाची, द्रव्य लावून चोवीस तास झाकावयाचे, मग लाली किती आणि सूज किती ह्यांस शून्यापासून चारपर्यंत गुण द्यावयाचे. दोहोंची बेरीज आठापर्यंत. परीक्षेच्या गुणपत्रिकेसारखी ही गुणपत्रिका जगभर चालली. १९८१ पासून निरनिराळ्या देशांच्या आर्थिक सहकार संघटनेने तिलाच सुधारून आपल्या नियमांत घेतले आणि स्पर्शाचा काळ चार तासांवर आणला.

गुण देणारा डोळा मात्र माणसाचाच. १९७१ मध्ये वाइल आणि स्काला ह्या दोघांनी तीच द्रव्ये वीस-पंचवीस प्रयोगशाळांस पाठवून पाहिली. एकीने ज्यास सौम्य म्हटले त्यास दुसरीने तीव्र ठरवले. शिवाय सशाची कातडी माणसाहून नाजूक. आमच्या दृष्टीने मोठी उणीव वेगळीच होती. ससा फार तर 'हे द्रव्य जाळते काय?' ह्याचे उत्तर देतो. 'हे हिला उतेल काय?' ह्याचे उत्तर त्याच्यापाशी नाही. अ‍ॅलर्जीसाठी मग गिनीपिगांवर निराळ्या चाचण्या काढाव्या लागल्या, आणि त्या तरी 'कोणास तरी उतू शकेल' एवढेच सांगत.

ह्या उणिवेची किंमत महाराष्ट्राने एका गवतापायी मोजली. पुण्यात १९५१ च्या सुमारास उकिरड्यांवर पांढऱ्या बारीक फुलांचे एक झुडूप तुरळक दिसू लागले. १९५६ मध्ये राव ह्यांनी त्याची नोंद प्रसिद्ध केली. नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. लोकांनी त्यास गाजर गवत आणि काँग्रेस गवत म्हटले. अमेरिकेहून आलेल्या गव्हाबरोबर ते आले, असे सर्वत्र सांगतात. पण एकोणिसाव्या शतकातल्या भारतीय वनस्पतींच्या याद्यांतही त्याच्या खुणा सापडतात, तेव्हा साराच दोष त्या गव्हावर टाकता येत नाही. काही असो, पसरले मात्र ते ह्याच काळात, आणि वाऱ्याच्या वेगाने. लवकरच शेतकरी आणि मजूर ह्यांच्या चेहऱ्यावर, मानेवर, कोपराच्या खळगीत जाड, काळवंडलेले, खाजून रक्त काढणारे इसब दिसू लागले. पुण्याचे डॉ. लोणकर आणि त्यांचे सहकारी ह्यांनी १९६० नंतरच्या दशकात ही साथ ओळखली. येथे परटाच्या खुणेसारखा नीटस चट्टा नव्हता. गवताचे सुकलेले कण हवेतून येऊन उघड्या अंगभर बसत होते. उन्हाने झाले असेल, अन्नाने झाले असेल, असे म्हणता म्हणता वर्षे जात. गवताच्या अंशाची पट्टी पाठीस लावल्यावर दोन दिवसांत उत्तर आले. द्रव्य पार्थेनिन. उत्तर मिळाले तरी उपाय सोपा नव्हता. ज्याचे पोट शेतावर आहे त्याला बांधावरच्या गवतापासून दूर राहा असे सांगणे म्हणजे शेत सोड असे सांगणेच झाले. पट्टी दोष दाखवते, गवत उपटत नाही.

आता नव्या काळाकडे. शस्त्रक्रियेत उरलेल्या माणसाच्या कातडीतून पेशी घेऊन त्या एका जाळीवर, वरून हवा आणि खालून पोषण देत, थरावर थर वाढवता येतात. नखाएवढी, पण खरी मानवी कातडी तयार होते. तिच्यावर द्रव्य थोडा वेळ ठेवावयाचे, धुवून टाकावयाचे, सुमारे बेचाळीस तास थांबावयाचे, आणि मग एक पिवळे द्रव्य द्यावयाचे. जिवंत पेशी त्यास निळेजांभळे करतात, मेलेल्या करीत नाहीत. निम्म्या किंवा त्याहून कमी पेशी जगल्या तर द्रव्य दाहक. आर्थिक सहकार संघटनेने २०१० मध्ये ही रीत मान्य केली. आपल्या देशात मे २०१४ पासून सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करण्यास बंदी झाली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरपासून तशी चाचणी केलेली प्रसाधने आयात करण्यासही. युरोपने २०१३ मध्ये असेच दार लावले. ससा सुटला, निदान पावडरीपुरता तरी. पण ही बशीतील कातडी श्टेडेलरच्या प्रश्नाचे उत्तर देते, यादासोनच्या नव्हे. तिला स्मृती नाही. भिलावानॉल तिला जाळील, पण दोघी जावांत कोणती उद्या सुजेल हे ती सांगू शकत नाही. अ‍ॅलर्जीसाठी प्रथिनांशी होणारी गाठ, पेशींचे इशारे असे दोन-तीन तुकडे निरनिराळे तपासून अंदाज बांधतात. तोही द्रव्याचा अंदाज. माणसाचा अंदाज माणसापाशीच येऊन थांबतो.

म्हणूनच आपल्या कायद्याने एका जुन्या चाचणीस घरोघर नेऊन ठेवले आहे. पॅराफेनिलिनडायअमाइन असलेल्या कलपाच्या वेष्टनावर, ह्याने काहींच्या कातडीस त्रास होऊ शकतो, आधी तपासून पाहा, अशी सूचना इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत छापावी लागते. कानामागे किंवा हाताच्या आतल्या बाजूस थोडासा कलप लावून दिवसभर थांबावयाचे. लग्नाच्या मोसमात पेठेतील केशकर्तनालयात उभे राहून पाहा, ही सूचना कोणी वाचताना दिसते काय. गिऱ्हाईकाला हळदीस जायचे असते, न्हाव्याला पुढचे गिऱ्हाईक दिसत असते, आणि दिवसभर थांबायचे म्हणजे काय! बहुतेकांचे निभावते. एखाद्याचे डोळे दुसऱ्या दिवशी सुजून मिटतात आणि वरातीत तो काळा चष्मा घालून चालतो. काळी मेंदी म्हणून जी विकतात तिच्यातही पुष्कळदा हेच द्रव्य मिसळलेले असते. वास्तविक मेंदी कधी काळी रंगत नाही, ती तांबूसच. काळा रंग दिसला की समजावे, पानाबाहेरचे काही आत आहे.

ज्यांस एकदा त्रास झाला आणि कशाने झाला ते कळत नाही, त्यांच्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांपाशी पट्ट्यांचा संच असतो. निकेल, डायक्रोमेट, सुगंधी द्रव्ये, रबरातील रसायने, पार्थेनियम, कलपाचे द्रव्य अशा दीड-दोन डझन लहान डब्या पाठीवर रांगेने चिकटवतात. अठ्ठेचाळीस तास आंघोळ नाही, पाठ भिजवावयाची नाही. मग पट्ट्या काढून एकदा पाहतात, आणि आणखी दोन दिवसांनी पुन्हा, कारण उशिरा उमटणारे काही असते. पहिल्या वेळी दिसून दुसऱ्या वेळी विरले ते बहुधा नुसते चुरचुरणे. दुसऱ्या वेळी वाढले ती अ‍ॅलर्जी. औषधे चालू असतील तर आधी सांगावी लागतात. बिब्ब्याची पट्टी मात्र घरच्या घरी कोणी लावू नये. मात्रा चुकली तर चाचणीच रोग होते. आणि ह्या दिवसांत जाण्यात फारसा अर्थ नाही, कारण वैशाखातील घामाने पट्ट्या पाठीवर टिकत नाहीत. थंडी पडल्यावर जावे.